सराव नावाची फाइल

३ फेब्रुवारी, सोमवार

नणंद म्हणाली, रोज दहा ओळी टाइप कर, बोटं बसतील. काय टाइप करू, विचारलं. म्हणाली, काहीही. दिवसभरात काय झालं ते लिही, कोण वाचणार आहे? फाइलला नावही तिनेच दिलं. सराव.

तर सराव. कॉम्प्युटर जुना आहे. बटण दाबून भाजी निवडायला बसावं, जुडी संपेपर्यंत हा उठत नसे. गेल्या आठवड्यात नणंद आली, त्याच्या पोटातलं सगळं पुसलं आणि लिनक्स घालून गेली. "वहिनी, फुकट आहे, हलकं आहे आणि याला व्हायरस लागत नाही." हे तिने मला सांगावं. मी सत्तावीस वर्षं तपासणीच्या लॅबमध्ये काढली. लागत नाही असं काही नसतं.

नोंद म्हणून लिहून ठेवते. डिसेंबरात ह्यांचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, भोकात नळी आहे, श्वास तिथून चालतो. आवाज नाही. हे एकतीस वर्षं बस डेपोत उद्घोषक होते. आता पांढरी पाटी आणि मार्कर. मी दुसऱ्या खोलीत असले की वाटीवर चमचा आपटतात.

कॉम्प्युटरवर बोलणारा प्रोग्राम बसवायचा आहे. ह्यांनी टाइप करायचं, त्याने बोलायचं. नणंद म्हणते, पाच मिनिटांचं काम आहे. हिची पाच मिनिटं मला माहीत आहेत. एकदा बोलणं सुरू झालं की घर पुन्हा रुळावर येईल.

दहा ओळींच्या वर झालं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

झेरॉक्सवाल्याला विचारलं. "काकू, काय अवघड आहे त्यात? नेटवरून उतरवा, दोनदा टिचकी मारा, नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट." उतरवला. टिचकी मारली. काही नाही. आणखी मारली. स्क्रीनने विचारलं की ही फाइल कशाने उघडू. मला ठाऊक असतं तर तुला विचारलं असतं का?

नणंदेला फोन केला. हसली. "अगं, ती दुसऱ्या सिस्टिमची फाइल. इथे नाही चालत. इथे नेटवरून काही उचलायचं नाही. इथे एकाच ठिकाणाहून घ्यायचं."

"कुठून?"

"टर्मिनलमधून. लिहून पाठवते."

दुपारी नळी धुतली. आतली नळी काढायची, ब्रशने घासायची, उकळलेल्या पाण्यातून काढायची, परत बसवायची. बाहेर जे चिकटलेलं असतं ते पिवळं असतं आणि त्याला तार सुटते. मी मान वळवते. हाताला सवय झाली आहे, डोळ्यांची गरज नाही. गळ्यावर बांधायच्या रुमालाला फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा वास येतो. हे त्या वासातच जेवायला बसतात. डॉक्टर म्हणाले होते, नाकातून हवा जात नाही, तेव्हा ह्यांना आता वास कळणार नाही. सुखी माणूस.

सत्तावीस वर्षं थुंकीच्या बाटल्या हाताळल्या. झाकण उघडून रंग पाहिला, घट्टपणा पाहिला, काचपट्टीवर पसरली, आणि हात धुऊन त्याच खोलीत डबा खाल्ला. कधी काही वाटलं नाही. बाटलीवर नंबर असायचा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टर्मिनल म्हणजे एक काळी खिडकी. तिच्यात एक रेघ लुकलुकते. चित्र नाही, बटण नाही, काही नाही. नणंदेने पाठवलेली ओळ मी अक्षर अन् अक्षर उतरवली. लॅबमध्ये मी उतरवलेल्या आकड्यात कधी चूक निघाली नाही. खिडकी म्हणाली, असा हुकूम सापडला नाही. पुन्हा उतरवली. सापडला नाही. सात वेळा.

"वहिनी, तू सुरुवातीचा डॉलरसुद्धा टाइप केलास?"

"तू पाठवलास तर करणारच."

"अगं, तो नुसता दाखवायला असतो. इथून पुढे टाइप कर, एवढंच सांगतो तो."

जे लिहायचं नाही ते पाठवायचं कशाला? अशा माणसांनी ही यंत्रं बनवली आहेत. दाराच्या पाटीवर स्वतःचं नाव लिहितील आणि म्हणतील, वाचू नका, दाखवायला आहे.

सकाळी बाजारातून आले तर ओट्यावर पातेलं होतं आणि त्यात सगळे रुमाल उकळत होते. ह्यांनी स्वतः टाकलेले. वर लिंबाची साल. इतक्या दिवसांत कधी टाकले नव्हते. वास येत नाही म्हणतात, मग कळलं कसं? डॉक्टर चुकले असावेत.

तो चमचा. आज चौदा वेळा. पाणी हवं, चमचा. पंखा हवा, चमचा. मार्कर खाली पडला, चमचा. काल स्वप्नात लॅबमध्ये होते आणि प्रत्येक बाटली वाजत होती. त्या आवाजाने कुत्र्याला बोलावल्यासारखं वाटतं. ह्यांना सांगणार नाही, आजारी माणसाला काय सांगायचं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉलर काढला. खिडकीने पासवर्ड मागितला. मी टाइप करते आहे आणि तिथे काही उमटत नाही. टिंब नाही, चांदणी नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून उलटा करून झटकला. त्यातून शेव आणि एक नख पडलं. ह्यांचं नख. शी.

नणंदेला फोन.

"दिसत नाही, पण जातो तो आत. तू लिही आणि एंटर मार. किती अक्षरं आहेत तेसुद्धा शेजारच्याला कळू नये, म्हणून."

"शेजारी कोण आहे? हे बसले आहेत पत्ते खेळायला टपून."

"दादाचा पत्त्यांचा डाव चालतो ना त्यावर?"

"रोज सकाळी. मी बाजारात गेले की खुर्ची पकडतात ते मी येईपर्यंत. आल्यावर माझ्याकडे बघतात जणू मीच आगंतुक."

"मग बरंय की. जीव रमतो."

पासवर्ड आत गेला. मग खिडकी म्हणाली, तुम्ही मागितलेलं पॅकेज सापडत नाही. पॅकेज म्हणजे तो बोलणारा प्रोग्राम.

आज नळी धुवायला गेले तर न्हाणीघराला आतून कडी. दार वाजवलं. आतून पाण्याचा आवाज वाढला. वीस मिनिटांनी बाहेर आले, रुमाल बांधलेला, नळी बसवलेली. पाटीवर लिहिलं : मी करीन.

बरं. करा. कधीतरी अंगावर घ्यायला हवंच होतं. एक काम कमी झालं. तरी कडी कशाला?

१० फेब्रुवारी, सोमवार

सिस्टर आली. ती दर सोमवारी येते, तपासते, बोलत राहते. ह्यांच्या गळ्यात बॅटरी मारून तिने असं बघितलं जसं कोणी घड्याळात किती वाजले ते बघतं. तिला काहीच वाटत नाही. मलाही वाटत नसे.

"रोज कोण बघतं?"

"स्वतः करतात आता."

"आरशात नीट दिसत नाही हो. कडेला लाल झालं, खपली धरली, तर स्वतःला कळत नाही. दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी रोज एकदा बघायला हवं. आणि दार लावून तर मुळीच नाही." मग ह्यांच्याकडे वळून, "काका, आत खपली अडकली ना, तर तुम्हाला ओरडता येणार नाहीये. हवा बंद म्हणजे बंद. कळलं का?"

ह्यांनी मान हलवली. सिस्टर गेली. संध्याकाळी पुन्हा कडी.

मानी माणूस. आवाज गेला तरी ऐट गेली नाही.

एक मात्र झालं. चमचा बंद आहे. शुक्रवारपासून एकदाही नाही. पाणी हवं असेल तर उठून घेतात. सांगावं लागलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डेपोत जावं लागलं. हे हयात आहेत असा कागद द्यायचा होता. कारकून म्हणाला, "साहेब स्वतः नाही आले?" मी म्हटलं, आले असते तरी काय बोलले असते? तो ओशाळला. "काकू, इथे तर रोज बोलतात ते," म्हणाला आणि वर बोट दाखवलं.

माझ्या लक्षात नव्हतं. सहा-सात वर्षांपूर्वी ह्यांच्याकडून सगळं सुटं सुटं बोलवून घेतलं होतं. आकडे वेगळे, गावं वेगळी, लक्ष द्यावे वेगळं, उशिरा वेगळं, रद्द वेगळं. मशीन ते जोडून लावतं. फलाट क्रमांक. चार. वर. दोन शब्दांमध्ये फट राहते. त्या फटीत श्वास ऐकू येत नाही. काढून टाकला असावा.

कागद दहा मिनिटांत झाला. मग चार नंबरच्या फलाटावर बसले. तिथे वारा फार होता, पाय गारठले. एकोणीस गाड्या गेल्या. बसायला जागा बरी होती, पाय दुखत होते. दुपार होऊन गेली. बाजार राहिला. घरी सांगितलं की बाजारात गर्दी होती. पिशवी रिकामी होती. हे काही बोलले नाहीत, म्हणजे लिहिलं नाही.

तो आवाज तिथे गाड्या सोडतो आणि घरी मला शीळ मिळते. हे बोलायला जातात तेव्हा भोकातून शीळ येते, मागोमाग थेंब. त्या मशीनचा राग आला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नणंदेने नवी ओळ पाठवली. म्हणाली, आधी प्रोग्रामांची यादी ताजी करून घ्यायची असते. ही गोष्ट तिने अकरा दिवसांनी सांगितली. यादी ताजी करायला घेतली तर खिडकी म्हणते, कुलूप मिळत नाही. दुसरं कोणीतरी आत आहे, ते बाहेर येईपर्यंत थांबा.

घरात मी आणि हे. हे गच्चीवर कपडे वाळत घालत होते. दुसरं कोण?

"ते आपोआप चालू असतं," नणंद म्हणाली. "आत त्याचं त्याचं काम करत असतं. एकाच वेळी दोघांना आत जाऊ देत नाही, नाहीतर सगळा घोळ होईल. तू जबरदस्तीने कुलूप तोडू नकोस हं. थांब."

"किती?"

"ते बाहेर येईपर्यंत."

बसले. इकडे टर्मिनलला कुलूप, तिकडे न्हाणीघराला कडी. दोन्हीकडे आत काय चाललं आहे ते सांगत नाहीत. दोन्हीची शिसारी येते. मी थेट वाईट वागत नाही कोणाशी. नळी धुतली, रुमाल धुतले, मऊ भात कालवून दिला. कोणी विचारलं तर सांगेन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाजारात निघाले तर ह्यांनी पाटी पुढे केली : स्वेटर घेऊन जा.

बाजारात कसला वारा? भरदुपार आहे, म्हटलं. पाटीवर त्याच शब्दांखाली रेघ मारली. घेतला. हट्टी माणूस.

उशीर झाला. बाजारात गर्दी होती.

स्वेटरचा उपयोग झाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज ओळ लागली. यादी ताजी झाली, पॅकेज सापडलं. एक मागितलं तर त्याच्याबरोबर आणखी एकेचाळीस येतील असं निघालं. पाहुणा एक आणि सोबत अख्खा गोतावळा. पुढे जायचं का, हो की नाही? हो लिहिलं. टक्के वाढायला लागले. नणंदेने बजावलं होतं, मध्ये बंद करू नकोस, अर्धवट राहिलं तर निस्तरायला मला यावं लागेल.

साठच्या सुमाराला न्हाणीघरातून तांब्या वाजला. फरशीवर. टण, टण, टण. मनात म्हटलं, सुधारले होते, पुन्हा सुरू. टॉवेल विसरले असतील. येते, म्हटलं. ऐंशी झाले. तांब्या वाजतच होता. मग अंतरं वाढली. चौऱ्याण्णव झाले होते. म्हटलं, शंभर होऊ दे.

शंभर झाले. उठले. तोवर कडी निघाली होती. हे दाराच्या चौकटीला धरून उभे होते. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर. सदरा पुढून भिजलेला. त्या ओल्यावर वाटाण्याएवढी खपली चिकटली होती, तपकिरी, कडेला रक्त. मी आधी खपलीकडे पाहिलं. मग मान वळवली. मग ह्यांना खुर्चीवर बसवलं.

या क्रमानेच.

सिस्टरला बोलावलं. तिने आत पाहिलं, औषधाचं पाणी सोडलं, स्वच्छ केलं. म्हणाली, खोकून खोकून स्वतःच काढली त्यांनी, नशीब. "तुम्ही घरातच होतात ना? ऐकू नाही आलं?"

"नाही," म्हटलं. "कॉम्प्युटर चालू होता."

कॉम्प्युटरला आवाज नाही. अजून तो बोलत नाही. आवाज यावा म्हणूनच तर बसले होते. हे समोरच खुर्चीत होते. पाटी मांडीवर होती. त्यांनी मार्करचं टोपण काढलं आणि परत लावलं.

मला ऐकू आलं होतं. हे इथे लिहिते कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

२४ फेब्रुवारी, सोमवार

गुरुवारी जे बसलं ते इंग्रजी बोलत होतं. मराठीला वेगळं लागतं. नणंद म्हणाली, शोधून सांगते. दोन दिवस वाट पाहिली. मग काल मी सॉफ्टवेअरची यादी उघडली आणि बोलणं, आवाज, वाचणं असे शब्द असलेले सगळे निवडले. सात निघाले. लॅबमध्ये डॉक्टरला काही सुचत नसलं की तो सगळ्या चाचण्या लिहून द्यायचा, काहीतरी सापडेलच. मी सातही बसवले. पासवर्ड दिसत नाही याचीसुद्धा आता सवय झाली आहे.

आज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला. हे शेजारी मटार सोलत होते. यंत्र बोललं. मराठीत. हिरड्यांना भुलीचं इंजेक्शन घेऊन आलेला माणूस बोलेल तसं, आणि प्रत्येक शब्दावर सारखाच जोर. "डेस्कटॉप. पत्ते. सराव. कचरापेटी." हे टाइप केलेलं बोलणारं नव्हतं. आंधळ्या माणसाला पडद्यावर जे जे दिसतं ते वाचून दाखवणारं होतं. सातांपैकी एक तसं होतं आणि तेच सगळ्यांच्या पुढे येऊन बसलं. मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, चालू झालं. "अहो, बोललं," म्हटलं, आणि नेहमीप्रमाणे सराव उघडला.

त्याने शेवटच्या नोंदीपासून वाचायला घेतलं.

"साठच्या सुमाराला न्हाणीघरातून तांब्या वाजला. फरशीवर. टण टण टण."

मी एक कळ दाबली. त्याने कळीचं नाव सांगितलं आणि पुढे चालू. दुसरी दाबली. तिचंही नाव. सगळ्या दाबल्या. खिडकी बंद करावी तर हात त्या फुलीवर जाईना. "मी आधी खपलीकडे पाहिलं. मग मान वळवली." त्याच सुरात. डेस्कटॉप, कचरापेटी आणि हे, एकाच सुरात. "मला ऐकू आलं होतं."

हे उठले. मांडीवरचं ताट खाली ठेवलं, एक दाणा न सांडता. टेबलाखाली वाकले आणि स्पीकरची पिन काढली.

मी बोलणार होते. काय, ते आठवत नाही. ह्यांनी हात वर केला, थांब म्हणून. पाटी घेतली. लिहिलं :

पाठ आहे.

आणि पुन्हा मटार सोलायला बसले.

मग मी टेबलाशी बसून मोजलं. चार तारखेला वास लिहिला, सहाला रुमाल उकळले. सहाला चमचा लिहिला, मग चमचा बंद. मान वळवते असं लिहिलं, मग कडी. चार नंबरचा वारा लिहिला, मग स्वेटर. रोज सकाळी पत्ते. पत्त्यांचा डाव उघडून पाहिला. खेळलेले डाव : तीन.

चोरून वाचणाऱ्याची किळस येते. ज्याने वाचून चमचा बंद केला आणि मरायला टेकला तेव्हा तांब्या वाजवला, त्याची येते का ते तपासलं. येत नाही. जिने चौऱ्याण्णवावर शंभरची वाट पाहिली तिची येते.

सिस्टर दुपारी आली. कडा लाल आहे म्हणाली. "कोण बघतंय रोज?"

आम्ही दोघेही गप्प होतो. तिला वाटलं असेल, दोघांचाही आवाज गेला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नणंदेचा फोन. "सात बसवलेस? वहिनी, तुला कोणी सांगितलं सात बसवायला?" मग तिने एकेक काढायला लावलं. काढायचा हुकूमही तसाच, पासवर्डही तोच. सहा काढले. एक राहिला. एक चौकट येते, तिच्यात टाइप करायचं, बोल म्हणायचं. आवाज तोच, भुलीचा.

"दादाला आवडला का आवाज?"

"विचारलं नाही."

"काही झालंय का?"

"सराव चालू आहे," म्हटलं.

ह्यांनी चौकटीकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी कडी लागली. मी बाहेर पाटावर बसून राहिले. आत ब्रशचा आवाज येत होता. बारीक. आधी कधी ऐकला नव्हता.

या फाइलचं नाव बदलावं, तिला कुलूप घालावं, असं मनात आलं. कसं घालतात ते नणंदेला विचारता आलं असतं. विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बाजारात गेले. खरंच बाजारात. मेथी, दूध, ह्यांची औषधं. आले तेव्हा हे खुर्चीतून उठून गच्चीवर गेलेले होते. फाइल उघडीच होती. वर पत्त्यांचा डाव उघडून ती झाकलीसुद्धा नव्हती. वरच्या नोंदीखाली दोन बोटं जागा सोडून लिहिलेलं होतं. ते माझं नाही. पुसत नाही. आहे तसं ठेवते :

चार नंबरच्या फलाटावर बसू नकोस. तिथला कर्णा फाटका आहे, चार म्हणताना खरखर येते आणि वारा उत्तरेचा. सहावर बस. सहाचा आवाज मी स्वतः उभं राहून लावून घेतला होता. बुधवारी साडेअकरानंतर गर्दी नसते.

हा नवा आवाज मला नको. तुला ऐकावा लागू नये म्हणून. चौकट राहू दे, फोनला उपयोगी पडेल.

तांब्या वाजवला तेव्हा टॉवेल हवा होता असं समज. पण पुढच्या वेळी ये.

वास येत नाही हे खरं आहे. तू लिहितेस म्हणून कळतं.

कडीचा स्क्रू ढिला झाला होता. काढून टाकली. आता बसवू नकोस.

एवढंच. तीनदा वाचलं. चौकटीत चिकटवून बोल म्हणावंसं वाटलं. मग त्या भुलीच्या आवाजात हे ऐकावं लागेल म्हणून सोडून दिलं. न्हाणीघराच्या दाराला चार भोकं आहेत. कडी ओट्यावर, वाटीत, स्क्रूंसकट.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सिस्टरला सांगितलं आहे की रोज नोंद ठेवीन. ती इथेच ठेवते. वेगळी फाइल कशाला?

वेळ : सकाळी साडेनऊ. उजेड : खिडकीचा, शिवाय बॅटरी. स्राव : फिकट पिवळा, तार येते. वास : आहे, कालपेक्षा कमी. कडा : डाव्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढी लाली, बाकी गुलाबी. खपली : नाही. रक्त : नाही.

स्टुलावर हे बसले होते, मान वर करून, डोळे छताकडे. मी समोर उभी होते. नळी काढली की भोक दिसतं. आत ओलं आहे, लाल आहे आणि हलतं. खोकला आला. माझ्या चष्म्यावर उडालं. ह्यांनी झटकन हाताने गळा झाकला आणि दाराकडे पाहिलं. दाराला आता कडी नाही.

"हात काढा," म्हटलं. "काही दिसत नाहीये मला."

हात काढला.

किळस आली. चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं, कडेकडेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, लॅबमध्ये शिकवलं होतं तसं. पूर्ण फेरी.

हे टाइप करते आहे आणि हे मागे उभे राहून वाचत आहेत. लपवणं संपलं, पत्तेही संपले. शीळ माझ्या मानेवर येते, गरम. आताच खांद्यावरून एक बोट पुढे आलं आणि पडद्यावर वास या शब्दापाशी टेकलं. कालपेक्षा कमी, म्हणजे किती कमी, असं विचारत असावेत.

पडद्यावर बोटाचा डाग पडला आहे. पुसायचा आहे. आधी उत्तर देते : निम्मा.